चाळकेवाडीच्या पठारावर थांबवलेली बस

समोरच्या अक्का तुम्हाला आठवत असतील. सांगलीला आजीकडे, म्हणजे माझ्याकडे, आलात की ज्यांच्या ओट्यावर बसून तुम्ही दोघं ओल्या शेंगा खाता, त्या. विश्रामबागेतल्या या गल्लीत आम्ही समोरासमोर राहून इतकी वर्षं झाली, की एकमेकींच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ओळखतो. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते म्हणून त्या मला बाई म्हणतात आणि सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते म्हणून मीही अक्का म्हणते.

अक्का जैन, मूळच्या कृष्णाकाठच्या शेतकरी घरातल्या. दिवस मावळला की पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हा त्यांचा नेम लग्नाच्याही आधीपासूनचा. बाळंतपणात पाळला, नवरा दवाखान्यात होता तेव्हाही पाळला. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. संध्याकाळी आम्ही गप्पा मारत असतो आणि त्या मध्येच उठून "जेवून येते" म्हणतात, एवढंच.

या नेमापायी त्यांचं फिरणं झालं ते देवदर्शनाचं, घरच्या माणसांबरोबर. नुसतं बघायला म्हणून त्या कुठे गेल्याच नाहीत. सातारा सांगलीपासून असं किती लांब, पण ठोसेघरचा धबधबा त्यांनी पाहिला होता तो कॅलेंडरवर. यंदा गणपती झाल्यावर मी ठरवलं की आपण दोघींनी जायचं. एका दिवसाची सहल होती, बरोबर गाईड. बारामोटेची विहीर, अजिंक्यतारा, ठोसेघर आणि पलीकडचं पवनचक्क्यांचं पठार. मी फोनवर आधी विचारलं, जैन जेवण आहे का? आहे म्हणाले. सूर्यास्ताच्या आधी मिळेल का? मिळेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून तेच दोन प्रश्न विचारले. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे.

मग मी अक्कांना सांगितलं, "डबा घ्यायचा नाही."

"आवं बाई, चार दशम्या पिशवीत टाकल्या तर काय वजन हुतंय?"

"जन्मभर डबे बांधलेत. एक दिवस दुसऱ्याच्या हातचं जेवा. मी विचारून घेतलंय."

माझ्या शब्दावर त्या रिकाम्या पिशवीनं आल्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते यामुळे झालं.

सकाळ फार छान गेली. कऱ्हाड सोडल्यावर ऊन पडलं. लिंब गावातल्या विहिरीपाशी आमच्या गाईडनं माईक घेऊन असा आवाज लावला की रानातली माणसं काम सोडून बघायला लागली. चुणचुणीत पोरगा होता. ही विहीर म्हणजे जमिनीखाली बांधलेला छोटा वाडाच आहे. पूर्वी बैल चामड्याच्या मोटेनं पाणी ओढायचे आणि इथे एका वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणून हे नाव. सगळं त्यानं झकास सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "आजीलोकांनी वरूनच बघा हं, पायऱ्या ओल्या आहेत."

"वरून बघायची असती तर फोटोत बघितली असती," असं म्हणून मी उतरायला लागले. अक्का माझ्या मागे, एक हात भिंतीला लावून. खाली गारवा होता. भिंतीवर कोरलेल्या वाघाच्या पंजाखाली चिमुकला हत्ती होता. अक्का त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याला लय दाबून धरलंय गं बाई." वर आल्यावर गाईडनं आमच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मला तेही आवडलं नाही. दिवस अजून लांब होता.

दुपारी साताऱ्यात जेवलो तिथे प्रत्येक भाजीत बटाटा होता. चातुर्मासात अक्का जमिनीखाली वाढणारं काही खात नाहीत. दहीभात खाऊन उठल्या. त्यांना मधुमेह आहे, साखरेची गोळी मात्र त्यांनी घेतली. मी गाईडला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, रात्रीची पार्सलं इथूनच भरून घेतोय. त्यात जैन पार्सल वेगळं आहे, बघा, नाव घातलंय." खरंच घातलं होतं. माझ्यादेखत ते पार्सल बसच्या मागच्या डिकीत गेलं आणि त्यावर पाण्याच्या बाटल्यांचे खोके गेले. मी निश्चिंत झाले.

अजिंक्यताऱ्यावर उशीर झाला, ठोसेघरला त्याहून जास्त. पाणी भरपूर होतं. धबधब्याचा आवाज असा की शेजारचं बोलणं ऐकू येत नव्हतं. अक्का कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांच्या चष्म्यावर तुषार साचले होते आणि त्या पुसत नव्हत्या. मी घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं आणि गाईडकडे गेले. आता पार्सल द्या म्हटलं.

"मॅडम, आता सनसेट पॉइंट. तिथे सगळ्यांना एकत्र देणार."

"सूर्य मावळायच्या आधी ना?"

तो हसला. "सनसेट बघता बघता कोण जेवतं? झाला की लगेच."

मी त्याला नेम समजावून सांगितला. त्यानं मान डोलावून ऐकलं. मग म्हणाला, एकाला दिलं की सगळे मागतात, सगळे जेवायला बसले की सनसेट जातो, आणि लोक आले आहेत ते त्यासाठीच. त्याचं त्याच्या जागी बरोबरही असेल. पण फोनवर मला दिलेला शब्द वेगळा होता.

बस पठाराला लागली. दोन्ही बाजूंना पिवळी सोनकी फुललेली, वर पवनचक्क्या फिरत होत्या. कुणाचं लक्ष नव्हतं, पण अक्कांनी पदराखाली हात लपवला होता. मी तो हातात घेतला. थरथरत होता आणि गार पडला होता.

"साखर उतरतेय तुमची."

"बसा गप. आज उपास धरला म्हनायचं."

"गोळी घेऊन उपास?"

"बाई, बसा म्हनते न्हवं."

मी उठले. बस हलत होती. मी सीटांना धरत पुढे गेले आणि गाईडला म्हटलं, गाडी थांबव, डिकी उघड. तो म्हणाला, "मॅडम, रस्ता अरुंद आहे, मध्येच थांबता येत नाही."

"हे पठार आहे. इथे रस्ता सोडून सगळं रुंदच आहे."

पुढच्या सीटवर टोपी घातलेले एक निवृत्त गृहस्थ होते. सकाळपासून ते गाईडच्या आधी माहिती सांगत होते. ते म्हणाले, "अहो, एक दिवस उशिरा जेवल्या तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मी म्हटलं, "आणि तुम्हाला एक दिवस सूर्यास्त नाही दिसला तर? तो उद्याही मावळणार आहे."

मागे कुणीतरी हसलं. कुणीतरी "आजी, बसा ना प्लीज" म्हणालं. बस चाललीच होती. तेव्हा मी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मला मळमळतंय. आता होईल."

तुम्ही लहानपणी घाटात किती वेळा बस थांबवली आहे ते आठवा. या एका वाक्यावर आपल्याकडचा कुठलाही ड्रायव्हर जागच्या जागी ब्रेक मारतो. यानंही मारला. मी खाली उतरले, चालत बसच्या पुढे गेले आणि बरोबर मधोमध उभी राहिले. साडी, पायात तुमच्या आईनं पाठवलेले पळायचे बूट, आणि दोन्ही हात कमरेवर.

गाईड दारातून वाकला. "झालं का मॅडम?"

"मळमळ थांबली. आता डिकी उघडा."

होय, खोटं बोलले. गरज पडली तर पुन्हा बोलेन.

मग जो गोंधळ झाला तो सगळा सांगत नाही. टोपीवाल्यांनी "हा ब्लॅकमेल आहे" असं म्हणत मोबाईल काढला आणि काचेतून माझं चित्रण सुरू केलं. एक बाई म्हणाली, दोघींना हवं तर इथेच उतरवा आणि येताना घ्या. गाईड मला आजी म्हणाला, मॅडम म्हणाला, मग मावशी म्हणाला. मी हलले नाही. सूर्य माझ्या डाव्या हाताला होता आणि झपाट्यानं खाली येत होता. शेवटी ड्रायव्हर इंजिन बंद करून उतरला. मेढ्याकडचा माणूस, दिवसभर त्याचा आवाज ऐकला नव्हता. "आज्जी, बाजूला व्हा, गाडी कुठं पळून न्हाई जात," म्हणाला आणि किल्ली घेऊन मागे गेला. गाईड "अहो, थांबा" म्हणत त्याच्या मागे धावला, पण तोवर खोके खाली यायला लागले होते.

अक्का रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या, बसकडे पाठ करून. दोन चपात्या, मुगाची उसळ, भात. चपात्या वाकवल्या की तुटत होत्या. त्या खाली मान घालून भरभर जेवल्या. चपातीचा शेवटचा तुकडा हातात असताना त्यांनी वर बघितलं, तो तुकडा पार्सलच्या डब्यात परत ठेवला, चूळ भरली आणि उठल्या. सूर्य अजून डोंगराच्या वर बोटभर होता.

"अजून दिसतोय की," मी म्हटलं.

"दिसतोय तवर जेवायचं नसतंय. दिसतोय तवर उठायचं असतंय."

सनसेट पॉइंटला पोचलो तेव्हा आभाळ लाल होतं आणि सूर्य नव्हता. लोक खाली उतरले, लाल आभाळाचे फोटो काढले, परत चढले. गाईडनं माईक हातात घेतला आणि परत ठेवून दिला.

मला वाटलं होतं अक्का माझा हात धरतील. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. कऱ्हाड आल्यावर म्हणाल्या, "नेम माजा हाय. भांडाण तुमचं. मला इचारलं व्हतं?"

"नाही. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हनलेच असते. सगळी बस माज्याकडं बघत हुती, बाई. घास गिळंना. आजवर कुनाला कळू दिलं न्हाई मी, कवा जेवते आन् कवा न्हाई. तुमी त्याची दवंडी पिटली."

मी त्यांचा हात पुन्हा धरून बघितला. ऊबदार होता आणि थरथरत नव्हता. त्यांनी तो काढून घेतला. मी म्हटलं, "रागवा. पण तुम्ही चक्कर येऊन पडला असतात तर मी तुमच्या घरी काय सांगणार होते?" त्या म्हणाल्या, "तेबी खरंच हाय," आणि परत खिडकीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. न विचारल्याबद्दल. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "परत कुटं न्यायचं झालं तर दशम्या मी घेनार. तुमचा शबुद ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी." मी हो म्हटलं.

तो व्हिडिओ सहलीच्या ग्रुपवर गेला, तिथून कुणाच्या तरी मेहुण्याकडे, आणि तिथून तुमच्या बाबांपर्यंत. त्यांनी फोन केला. म्हणाले, आई, तुझ्यामुळे सगळ्या बसचा सूर्यास्त हुकला, ग्रुपवर एक ओळ सॉरी टाक आणि विषय संपव. तुम्ही दोघांनीही तो पाहिलात आणि धाकटी हसली, असं कळलं. हसण्यासारखा आहेच तो. त्या बुटांत मी पोस्टमनसारखी दिसते.

पण सॉरी मी टाकणार नाही. ज्यांची माफी मागायची त्यांची मागून झाली. बसची मागण्याचं मला कारण दिसत नाही. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं: "ठोसेघरला मागितलं तेव्हाच डिकी उघडली असती, तर सूर्यास्त सगळ्यांना दिसला असता." खाली माझं नाव लिहिलं. टोपीवाल्यांनी अंगठा खाली केलेलं चित्र टाकलं. ड्रायव्हर त्या ग्रुपवर नाही, नाहीतर हे खरं की नाही, ते त्यालाही विचारलं असतं.

ग्रुप मी सोडलेला नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं.