मुळासकट सात्या

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी शीला भगत वारुळाशेजारी पालथी पडली होती. उजवा हात दंडापर्यंत मातीत, गाल चिखलात. झरी जामणीचे जंगल, ऑगस्ट २००६. त्या वर्षी बाहेरून येणारा प्रत्येक जण कापसाचेच विचारायचा. शीला यवतमाळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिने सात्याचे विचारले, तेव्हा गावाला गंमतच वाटली.

सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी, भाजी करून खायची छत्री, अळंबी. मागच्या बाजारात कुणाच्या तरी टोपलीत दुसरीच पांढरी छत्री मिसळली. एका घरात उलट्या झाल्या आणि सरपंच बबनरावांनी विक्रीच बंद केली. सात्या विकणाऱ्या मानीबाईचा पावसाळा अशाच टोपलीवर निघायचा.

शीलाने दोन्ही छत्र्यांची टोपणे रात्रभर कागदावर ठेवून पाहिली. सात्याच्या बीजाणूंची भुकटी गुलाबीसर पडली, दुसरीची हिरवट.

"हे तुमाले कळते," बबनराव म्हणाले. "बाजारात गिऱ्हाईक रातभर कागद धरून बसन का?"

उघड्यावर दिसेल अशी खूण मुळात होती. सात्याचे मूळ खोल, थेट उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, घरापर्यंत जाते. त्या दुसरीला तसे मूळच नसते. पण टोपली स्वच्छ दिसावी म्हणून बाया चिखलाचे मूळ जंगलातच तोडून टाकायच्या. अख्खे मूळ बबनरावांना दाखवायचे, तर खणायला हवे. आणि वारुळाला लोखंड लावायचे नाही, हा मानीबाईच्या पोडाचा, कोलामांच्या वस्तीचा, नेम. म्हणून हात.

"लागलं का बुड, मॅडम?" मानीबाईने विचारले.

"लागून राह्यलं... अगं आई, चावली!"

उधई बाहीत शिरली होती आणि हात अडकला होता. मानीबाईने एक पाय धरला, तिची जाऊ सोनीबाई हिने दुसरा.

"ओढू नका! मूळ तुटन!"

"मूळ राहू द्या, तुमीच तुटसान!" सोनीबाई ओरडली.

बबनराव छत्री उघडून उभे होते. "मी काय धरू?"

"तुमी जीभ धरा, भाऊ," मानीबाई म्हणाली.

सोनीबाईला हसू आवरेना. पाय न सोडता ती चिखलात धप्पकन बसली आणि त्या हिसक्याने शीला बाहेर आली. मुठीत सात्या होती. खाली हातभर मूळ, अख्खे.

बबनरावांनी ते ओढून पाहिले. वरून चिकटवलेले नव्हते. मग शीलाच्या केसांतली उधई पाहून तेही हसत सुटले.

बंदी उठली; अट एकच, मूळ तोडायचे नाही. उद्या बाजार आहे. मानीबाई सकाळी आठला पिंपळाखाली बसते. उद्याही तिथेच बसेल, चिखलाची टोपली घेऊन.