दोरीवाल्या कापगते मॅडम

कापगते मॅडमच्या वर्गात कोणालाही फुकट शिरता येत नसे. दारात गुडघ्याएवढ्या उंचीवर सुताची दोरी बांधलेली असे आणि पलीकडे खुर्ची टाकून मॅडम बसलेल्या असत. बी.ए.च्या पहिल्या दिवशी मी एकोडीहून एसटीने भंडाऱ्याला पोहोचलो. आमच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिलाच, म्हणून शर्टाला दोनदा इस्त्री केली होती. त्या दोरीपाशी माझे पाय थांबले.

"डब्यात काय हाय?" मॅडमनी विचारलं.

"वांग्याची भाजी, मॅडम."

"जकात दे."

मी डबा उघडला. त्यांनी एक फोड उचलली, डोळे मिटून खाल्ली आणि दोरी खाली केली. "भाजी तुह्या मायनं केली, चव मी घेतली. तुले काय भेटलं?"

मी डब्याचं झाकण लावू लागलो.

"थांबणं भेटलं, बाप्पा! जकातीचा पहिला धडा झाला. बस जाऊन."

मॅडम ठेंगण्या होत्या. साडीखाली बूट, अंबाड्यात खडू खोचलेला. हसू आलं की त्यांना उभं राहता येत नसे. जवळ जे असेल त्यावर बसावं लागे, मग ती खुर्ची असो, पायरी असो की कोणाची बॅग. त्या तासिका तत्त्वावर शिकवत. जितके तास तितका पगार, उन्हाळ्यात काहीच नाही. पण तासाची घंटा झाली म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडल्याचं मला आठवत नाही.

पुस्तकातलं त्या आमच्या बोलीत आणून ठेवत. दोन शेजारी देशांनी आपसातली जकात काढली की मुक्त व्यापार. बाहेरच्यासाठीही सगळ्यांनी मिळून एकच जकात ठरवली की सीमाशुल्क संघ. "परीक्षेत 'सामायिक बाह्य शुल्क' लिहा, डोक्यात दोरी ठेवा," असं त्या सांगत. आणि सामायिक चलनाचा धडा आला की फळ्यावर चूल काढत. "दोरी काढणं सोपं हाय, चूल एक करणं कठीण. चूल एक केली का मिठाचा हातबी एकच लागते. दोघी-तिघी मीठ टाकत असतील तं जेवणारानं पाणी पेऊनच पोट भरावं."

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा वर्गात आम्ही सात जण उरलो होतो. प्राचार्यांनी सांगून टाकलं, पहिल्या वर्षाच्या निदान पंधरा पोरांनी पुढे अर्थशास्त्र घेतलं नाही तर विषय बंद. विषय बंद म्हणजे मॅडमही बंद. आम्ही तोंडं पाडून बसलो. मॅडम म्हणाल्या, "काहून रडून राहिले बे? बाजार भरवू!"

मार्चमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी कॉलेजच्या हॉलमध्ये तीन टेबलांचे तीन देश उभे राहिले. एकोडी देश माझा, आमचा माल चिवडा. अड्याळ देश वर्गातल्या वैशालीचा, तिचा माल भजी. चिखला देश रूपेशचा. त्याचे वडील तिथल्या खाणीत. "आमच्या जमिनीतून मँगनीज निघते, थे कोण खाईन?" म्हणून त्याने चहा ठेवला. चलनं तीन: आमचे चिंचोके, वैशालीची शर्टाची बटणं आणि रूपेशचे मँगनीजचे काळे खडे. त्याच्या देशात श्रीमंत झालेल्या माणसाची पँट घसरायची.

पहिल्या तासात देशोदेशी दोऱ्या होत्या. प्रत्येक दोरीवर जकात म्हणून एक भजं काढून घेत. तिसऱ्या देशात पोचेपर्यंत प्लेटमध्ये नुसती चटणी उरे. मग मॅडमनी शिट्टी वाजवली आणि आतल्या दोऱ्या सुटल्या. पोरं अशी पळाली की चहाला भजी मिळाली, भज्यांना चिवडा. बाहेरच्या दारावर मात्र सगळ्यांची मिळून एकच दोरी राहिली, आणि जकात एकच: उखाणा.

तेवढ्यात प्राचार्य आले. दोरीपाशी थांबले. दारावरच्या पोराने उखाणा मागितला. साहेबांनी कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "वैनगंगेच्या पाण्यावर पिकते आमचं धान, सुनंदाचं नाव घेतो, आता चहा आन!" हॉल डोक्यावर घेतला सगळ्यांनी. मॅडम वैशालीच्या बॅगेवर बसल्या.

मग चलन एक झालं. हलके म्हणून चिंचोके निवडले. इथे मी माझं डोकं लावलं. आमच्या घरी चिंचेची दोन झाडं आहेत, आणि सकाळी मी चिंचोक्यांचं अख्खं पोतं एसटीत घालून आणलं होतं. चलन जास्त तर खरेदी जास्त, खरेदी जास्त तर बाजार मोठा, मग मॅडमचा विषय वाचलाच, असा माझा हिशेब. मी पोतं उघडलं आणि आल्यागेल्याच्या ओंजळी भरल्या.

दोन चिंचोक्यांचा चहा दहावर गेला, मग चाळीसवर. "मले बटणंच पायजे!" वैशाली ओरडली. रूपेशने चहाचं पातेलं झाकून ठेवलं आणि माझ्यावर धावून आला, "छापखाना लावला का बे तुनं?" त्यांनी पुन्हा दोऱ्या बांधायला घेतल्या. पहिल्या वर्षाची पोरं दाराकडे सरकू लागली. मॅडमची नोकरी मी स्वतःच्या हातांनी पोत्यातून ओतून दिली होती.

आणि दारात माझी माय उभी. पदर खोचलेला, अर्ध्या तिकिटाची एसटी पकडून आलेली.

"उखाणा घ्या, बाई," दारावरचं पोरगं म्हणालं.

"उखाणा मागून घेजो! पयले माहे चिंचोके दे! चिंचोके घ्याले आलेला व्यापारी घरी दारात बसून हाय, न् पोतं गायब!"

ती दोरी ओलांडून आत आली आणि टेबलाटेबलावरचे, खिशाखिशातले चिंचोके पदरात गोळा करू लागली. प्राचार्यांनीही मुकाट्याने खिसा उलटा केला. मॅडमनी झटकन अंबाड्यातला खडू काढला. माय जसजशी पुढे जाई तसतसा त्या फळ्यावर चहाचा भाव लिहीत: चाळीस, वीस, दहा, चार. शेवटी मायने पदराकडे पाहिलं, पोरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि प्रत्येक टेबलावर एकेक मूठ परत टाकली. "पेऊ द्या पोरायले चहा."

भाव दोनवर आला. रूपेशने पातेल्यावरचं झाकण काढलं.

"पाहा रे," मॅडम पोरांना म्हणाल्या, "हे आपली रिझर्व्ह बँक. मिठाचा हात म्हणतो थो हाच!" आणि त्या सरळ जमिनीवर बसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत.

जूनमध्ये सतरा पोरांनी अर्थशास्त्र घेतलं. मॅडमचे तास वाचले. मीही पुढे एम.ए. केलं.

यंदा मॅडमना दुसऱ्या जिल्ह्यात पक्की नोकरी लागली. पेढे घेऊन त्या एकोडीला आमच्या घरी आल्या, तेव्हा टीव्हीवर बातमी चालू होती: कुठल्याशा देशांनी मिळून एकच चलन करायचं ठरवलं होतं. माय सूप बाजूला ठेवून म्हणाली, "पण मॅडम, त्यायची माय कोण हाय?"

मला एम.ए.च्या दोन वर्षांत याहून चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. मॅडम हसता हसता धानाच्या पोत्यावर बसल्या.

"माही जागा खाली होऊन राहिली," त्या मला म्हणाल्या. "मायले म्हण, अर्ज भर."

"आणि मी, मॅडम?"

त्यांनी पर्समधून सुताच्या दोरीची मळकी गुंडाळी काढून माझ्या हातात ठेवलं.

"तू दोरी धर."