मी सांगितलेला शेवट

लग्नानंतरची काही वर्षं आम्ही एकही सिनेमा दोघांनी मिळून पूर्ण पाहिला नाही. मुलगा लहान होता. उल्हासनगरच्या टॉकीजमध्ये अंधार झाला की तो थोडा वेळ पडद्याकडे बघायचा आणि मग भोकाड पसरायचा. मागून कोणीतरी म्हणायचं, "अरे भाई, बच्चे को बाहर ले जाओ." मग बायको उठायची आणि व्हरांड्यात फेऱ्या मारायची. मी कधीच उठलो नाही. अंबरनाथला घरी परतताना तिचा हुकलेला भाग मी सांगायचा, असा रिवाजच पडला होता. मी रंगवून सांगायचो, मारामारीत दोन गुंड पदरचे घालायचो. ती हसायची.

पुस्तकांचं उलटं होतं. वाचनालयातून आणलेली जाड कादंबरी ती दोन दुपारींत संपवायची. मी मोरिवलीच्या कारखान्यातून येऊन चौथ्या पानाला पेंगायचो, मग गोष्ट तीच सांगायची. नायक तिला बावळट वाटला असला तरी तो काय म्हणाला हे आधी नीट सांगायची, बावळट नंतर म्हणायची.

त्याच दिवसांत बदलापूर गावातल्या एका शाळेत तिला शिक्षिकेची जागा चालून आली. मी "बघू" म्हणालो. आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलाचं कसं होईल, आईला काय वाटेल, अशी कारणं मी देत होतो. खरं कारण एवढंच की मला भीती वाटत होती. बायको पगार आणू लागली तर घरात माझं ऐकेल कोण?

आणि नेमका तसाच सिनेमा लागला. त्यातल्या बाईला परगावी नोकरी लागते, नवरा म्हणतो, घर नाहीतर नोकरी, काय ते ठरव. शेवट जवळ आला आणि आमचे चिरंजीव रडू लागले. बायको बाहेर गेली. पडद्यावर त्या बाईने ट्रंक उचलली, एसटीत जाऊन बसली आणि मागे वळूनही न बघता निघून गेली. बायकांच्या रांगांमधून टाळ्या वाजल्या. मी मात्र हाताची घडी घालून बसलो.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं शेवटी?"

"स्टँडवरून परत आली. म्हणाली, चुकलं माझं. नोकरी सोडली."

"असं? मग टाळ्या कसल्या वाजत होत्या?"

"परत आली म्हणून."

पुढच्या सोमवारी तिने डबा भरला, मुलाला शेजारच्या सिंधी भाभींकडे सोडलं आणि शाळेत रुजू झाली. मला विचारलं नाही. मी दोन दिवस अबोला धरला, पण तो कोणाच्या लक्षातच आला नाही.

पुढे ती त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. वांगणीकडच्या मुली सातवीनंतर घरी बसवल्या जायच्या. ती रविवारी त्यांच्या अंगणात जाऊन बसायची आणि बापाने हो म्हटल्याशिवाय चहाला तोंड लावायची नाही. आज आम्ही बदलापूरला राहतो. इथला एक डॉक्टर तिचा विद्यार्थी. तिच्यासाठी औषध लिहून देताना तो अक्षर सुधारून लिहितो, हे मला केमिस्टने सांगितलं. बाजारात मला कोणी नावाने ओळखत नाही, मी "बाईंचे मिस्टर". ही पदवी मला कारखान्यातल्या सगळ्या बढत्यांपेक्षा मोठी वाटते.

यंदा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने माझा सत्कार करायचं ठरवलं. पत्नीला नोकरीला पाठवणारा, तिच्या पाठीशी उभा राहिलेला त्या काळातला नवरा म्हणून. वर्षानुवर्षं लोक हे बोलत आले आणि मी नुसती मान हलवत आलो. या वेळीही मी होकार कळवून टाकला.

सत्काराच्या आठवड्यात नातीने टीव्हीवर जुना सिनेमा लावला. तोच. मी म्हटलं, "बंद कर, प्रिंट खराब आहे."

"आजोबा, एकदम क्लिअर आहे."

"राहू दे," बायको म्हणाली.

एसटी निघाली. नात म्हणाली, "सही केलं तिने. ना आजी?" मी पायांकडे बघत बसलो.

"मी तेव्हाच पाहिला होता हा शेवट," बायको म्हणाली. "दुसऱ्या दिवशी भाभींबरोबर मॅटिनीला गेले होते."

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही इतक्या मेहनतीने रचला होता. पण खरं सांगू, तुमचा शेवट असता ना, तर तो सिनेमा आठवडाभरही चालला नसता."

नात हसून लोळली. मला त्या रात्री झोप आली नाही. ज्या नोकरीसाठी मी शाल घेणार होतो, ती अडवायला मी एक आख्खा सिनेमा फिरवला होता.

रविवारी व्यासपीठावर मी सगळं सांगितलं. बघू, ट्रंक, टाळ्या, सगळं. म्हटलं, माझं खोटं तिला कळलं म्हणूनच ती मला न विचारता गेली, तेव्हा हा मान माझा नाही. ही शाल तिची आहे. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि शाल घेऊन ते पहिल्या रांगेकडे गेले. आधी मागच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. बायकोने शाल घेतली, नमस्कार केला आणि खाली बसली. शाळेत बक्षीस समारंभाला बसायची तशीच, ताठ. तिच्याकडे बघताना माझ्या मनातली लाज कुठल्या कुठे गेली. या बाईच्या घरात मी जन्म काढला, एवढंच वाटत राहिलं.

घरी येताना रिक्षात ती जरा घुश्शातच होती.

"चुकीचं सांगितलंत तुम्ही."

"कुठे चुकलं?"

"तुमच्या खोट्यामुळे मी नोकरी धरली, हे कोणी सांगितलं तुम्हाला? सिनेमाच्या आदल्या दिवशीच मी शाळेला होकार कळवून आले होते. घरी सांगायचं तेवढं राहिलं होतं."

मी तिच्या मांडीवरच्या शालीची घडी सारखी करू लागलो.

"चांगल्याचं श्रेय सोडलंत, तर लगेच वाईटाचं घेतलंत. काहीतरी हवंच तुम्हाला."

म्हणून हे लिहून ठेवतो आहे. तिच्या नोकरीत माझा हात नव्हता, कुठल्याच बाजूने.