बटरकप नावाची बोट

या फोरमवरचे गूढ अनुभव मी वाचते ते उलटतपासणी घ्यायला. उजेड किती होता, चष्मा लावला होता का, वगैरे. नागपूरला वकिली केलेली बाई मी, पुराव्याशिवाय सासूबाईंचंही ऐकलं नाही. आता स्वतःच पिंजऱ्यात उभी राहतेय... चालायचंच.

साल २००५, अमेरिकेतलं सनीव्हेल. माझा नवरा मंदार चिप डिझाइनमध्ये, आणि मी डिपेंडंट व्हिसावर – म्हणजे घरी. इथे वकिली करायची तर कॅलिफोर्नियाची बार परीक्षा द्यावी लागते. अर्ज, बोटांचे ठसे, चारित्र्याची चौकशी, सगळं पार पडलं आणि पहिल्या खेपेला मी सपशेल आपटले. दुसऱ्या खेपेआधी आमचं ठरलं: या वेळी नाही जमलं तर मी मुलीला घेऊन नागपूरला, पुन्हा कोर्टात. मंदार इथेच राहणार, त्याच्या ग्रीन कार्डचं काम चालू होतं. भांडण नाही, काही नाही, चहा पिता पिता ठरलं. त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

आमची ओवी तेव्हा पाच वर्षांची. भरवताना तिला गोष्ट लागायची, आणि मला चिऊ-काऊला वेळ नव्हता. म्हणून मी अभ्यासातल्या केसेसच सांगायचे. 'एक होता भाडेकरू...' तीही आवडीने ऐकायची.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी ती म्हणाली, "आज मी सांगते. एक आजी होती. तिची यलो बोट होती, नाव बटरकप. ती नातवाला म्हणाली, माझं घर ग्रीन पेंट कर, मग बोट तुझी. त्याने हाफ केलं अँड देन आजी डाइड. हू गेट्स द बोट?"

"कुणालाच नाही," मी वरणभाताचा घास पुढे करत म्हटलं. "आजी गेली, तिचं प्रॉमिसही गेलं." आपल्याकडचा कायदा डोक्यात पक्का बसलेला ना!

"बट ही पेंटेड हाफ! दॅट्स नॉट फेअर, आई!"

आणि जे भोकाड पसरलं! काही केल्या तोंड उघडेना. शेवटी खरकट्या हाताने पुस्तक उघडलं, तर मी चूक. इथे काम एकदा सुरू झालं की वचन मोडता येत नाही, देणारा मेला तरी. नातू उरलेलं घर रंगवून बोट घेऊ शकतो. हे सांगितल्यावर बाईसाहेब जेवल्या.

परीक्षेत तोच प्रश्न आला. आजी, हिरवं घर, पिवळी बोट... आणि बोटीचं नाव बटरकप.

मी घाबरले, सरळ सांगते. प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग लिहिलं – नातवाला बोट देऊन टाकली.

घरी आल्यावर शक्य तितक्या सहज विचारलं, "ओवी, ती बोटीची गोष्ट तुला कुणी सांगितली गं?"

"तूच," चित्र रंगवता रंगवता ती म्हणाली.

"कधी?"

"तुझी एक्झाम झाली ना, तेव्हा. तू म्हणालीस, मी बोट कुणालाच दिली नाही, आय गॉट इट राँग. तू खूप रडलीस. मग आपण नागपूरला गेलो. बाबा डिडन्ट कम."

यातलं काहीही घडलेलं नव्हतं. परीक्षा तर त्याच दिवशी झाली होती.

घरातलं सरावाचं प्रत्येक पुस्तक मी चाळलं. असं उदाहरण घासून गुळगुळीत झालेलं आहे, मान्य. पण बटरकप कुठेच नाही. मंदार म्हणाला, "कोइन्सिडन्स आहे यार, सोड." नोव्हेंबरमध्ये निकाल लागला, मी पास झाले. आम्ही तिघं इथेच राहिलो.

ओवी आता आठ वर्षांची आहे, तिला यातलं काही आठवत नाही. माझ्याकडेही स्पष्टीकरण नाही, आणि ते शोधणं मी सोडून दिलंय. फक्त मंदारला रजा मिळाली नाही की नागपूरची ट्रिप मी कॅन्सल करते. दोघीच या म्हणून आई फोनवर किती विनवते, पण मी नाही जात. तिला वाटतं, मला माहेरची ओढ राहिली नाही.