बाकाच्या दाराची खिट्टी

खट्ट. लोखंडी खिट्टी उचलल्याचा तो आवाज, आणि त्याच्यामागोमाग बर्फावर उतरणाऱ्या स्केट्सच्या पात्यांची करकर. परदेशातल्या आमच्या या गावाचा, शॉमबर्गचा, यंदाचा हिवाळा माझ्या लक्षात राहिला तो या दोन आवाजांनी. बाहेर रस्त्याकडेला साचलेले मळकट बर्फाचे ढीग, आणि आत, भल्यामोठ्या छपराखाली, दुसराच एक बर्फ: दिव्यांच्या प्रकाशात लखलखणारा, नितळ, माणसांनी जपून गोठवलेला. थंडीला कंटाळलेली माणसं उबेकडे धावतात हे मी समजू शकते. पण एका थंडीतून निघून, गाडी लावून, तिकीट दाखवून, दुसऱ्या थंडीत हौसेने जाऊन बसणाऱ्यांना काय म्हणावं? रबराचा ओलसर वास, पॉपकॉर्नचा खारट वास, गुडघ्यांवर शाल आणि हातात कागदी पेल्यातला बेचव चहा, अशा थाटात यंदा मीही त्यांच्यातलीच एक होऊन बसले होते.

खरं सांगायचं तर खेळांचं आणि माझं कधी जमलं नाही. शाळेत खो-खोच्या तासाला माझं पोट नेमकं दुखायचं. मी गेले ती वसुधासाठी. वसुधा माझी शेजारीण, नागपूरची. उन्हाळ्याचे सगळे डावपेच जाणणारी आणि हिवाळ्यापुढे अजूनही हात टेकणारी. बर्फ पडला की ती गाडीला हात लावत नाही, आणि तिचा नवरा कामानिमित्त सदा बाहेरगावी. तेव्हा तिला रविवारी दुपारी रिंकवर, म्हणजे त्या छपराखालच्या बर्फाच्या मैदानावर, नेणं आणि आणणं हे काम माझ्याकडे आलं. आणि तिला तिथे जायचं होतं, कारण तिची ईरा तिथे होती. इथेच जन्मलेली, नीट चालायला लागायच्या आधी घसरायला शिकलेली ही मुलगी बायकांच्या व्यावसायिक आइस हॉकी संघात गोलरक्षक म्हणून निवडली गेली होती. संघ नवा कोरा, आणि हा त्याचा पहिलाच मोसम.

इतका नवा, की त्याला नावसुद्धा नव्हतं. छातीवर नुसतं गावाचं नाव. बोधचिन्ह, टोपणनाव सगळं पुढच्या वर्षी म्हणे. आपल्याकडे बारसं होईपर्यंत मूल जसं नुसतं ‘बाळ’ असतं, तसा तो संघ नुसता ‘संघ’ होता, आणि गंमत म्हणजे त्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. माझ्यापुढच्या रांगेत दर वेळी काही लहान मुली यायच्या, हाताने रंगवलेले पुठ्ठे उंच धरायच्या. संघाची कर्णधार कित्येक वर्षं दिवसा शाळेत शिकवून संध्याकाळी सरावाला जात असे. आता पहिल्यांदाच तिला फक्त खेळायचं होतं. त्या पुठ्ठे धरणाऱ्या मुलींना यात नवल असं काहीच वाटत नव्हतं. एका पिढीचं स्वप्न दुसऱ्या पिढीची साधी रविवारची दुपार होऊन जातं, ते इतकं निमूटपणे की स्वप्न पाहणाऱ्यालाही ते कळत नसावं.

पण आपल्या लोकांना निमूटपणा मानवत नाही. आपल्याला सत्काराचा भारी सोस. मोसम सुरू व्हायच्या आधीच, दिवाळीच्या कार्यक्रमात, इथल्या मराठी मंडळाने ईराचा सत्कार उरकून घेतला. शाल झाली, श्रीफळ झालं. सूत्रसंचालन अर्थातच बापूकाकांकडे. माइक हाती आला की तो खाली ठेवायचा असतो हे विसरणारे आमचे बापूकाका. ‘आपली ही लेक यंदा गोलांचा नुसता वर्षाव करणार आहे,’ असं त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं. गोलरक्षकाने गोल करायचे नसतात, अडवायचे असतात, हे त्यांना सांगणार कोण? निम्म्या सभागृहाला ते ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या निम्म्याचं लक्ष जेवणाच्या रांगेकडे होतं. खांद्यावरची शाल सावरत ईरा हळूच म्हणाली, ‘काका, आय कीप देम आउट.’ बापूकाकांनी माइकमध्ये सांगितलं, ‘पाहा, किती विनयशील मुलगी आहे.’

बाजारात तुरी म्हणतात तसा हा सगळा प्रकार. शाल कपाटात गेली, पण नारळ वसुधाने ओट्यावर, खिडकीपाशी ठेवला. ‘हा हिच्या पहिल्या मॅचलाच फोडायचा,’ ती म्हणाली. कुठलंही शुभकार्य नारळाने सुरू करावं हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. पहिली मॅच तर पुढच्याच आठवड्यात होती. नारळ असा कितीसा थांबणार होता?

त्या पहिल्या मॅचला मंडळ लोटलं होतं. शिट्ट्या, टोप्या, भडंगाचे लपवून आणलेले पुडे. सामना सुरू झाला आणि गोलपाशी उभी राहिली ती ईरा नव्हतीच. ती होती दुसरी, वयाने आणि नावाने थोर असलेली, उंच, शांत गोलरक्षक. ईरा बाकाच्या टोकाला, बर्फावर उघडणाऱ्या छोट्याशा दारापाशी बसली होती. या खेळात खेळाडू क्षणाक्षणाला बदलतात. दमलेल्या आत येतात, ताज्या दमाच्या बाहेर झेपावतात. काही जणी कठड्यावरून उडी मारतात, बाकीच्यांसाठी ते दार उघडावं लागतं, नेमक्या वेळी उघडावं लागतं आणि तत्क्षणी लावावं लागतं. ज्या गोलरक्षकाची खेळायची पाळी नसते, तिने हे काम करायचं, अशी या खेळाची जुनी रीत आहे. खट्ट, उघडलं. खट्ट, लागलं. मध्यंतरात बापूकाका वसुधाजवळ येऊन काळजीने म्हणाले, ‘काय हो, हिला काय दार उघडायला ठेवलंय?’ वसुधाने त्यांच्यापुढे भडंगाचा पुडा धरला. पुढच्या खेपेला मंडळाची एकच रांग भरली. त्यापुढे आम्ही दोघीच उरलो.

मी आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. लोकांनी लिहिलेलं कुठे मोडेल ते आधी शोधून काढायचं, हे माझं काम. सगळं सुरळीत चाललं तर आमचं नाव कुणाच्या तोंडी येत नसे. त्यामुळेच असेल, माझी नजर खेळ सोडून सारखी त्या दाराकडे जायची. ईरा कधी चुकली नाही. वेगाने येणारी मैत्रीण अजून दूर असतानाच तिचा हात खिट्टीवर जायचा. कुणाचा श्वास कधी संपतो हे तिला दुरून कळायचं. जगात असे किती हात असतील, जे दुसऱ्याच्या वेगासाठी दार उघडं धरून बसलेले आहेत? आणि त्या हातांना स्वतः धावावंसं वाटत नसेल का? तत्त्वज्ञान म्हणून हे विचार छान आहेत. पण शेजारी आई बसलेली असली की तत्त्वज्ञान जिभेवर येत नाही.

कारण प्रश्न साधा होता. ईराचा करार या एका मोसमापुरता होता. एकदाही न खेळलेल्या गोलरक्षकाला पुढच्या वर्षी कोण बोलावणार? अडवायला चकतीच, म्हणजे या खेळातला चेंडूच, समोर आली नाही, तर ती अडवता येते हे सिद्ध तरी कसं व्हायचं? ईरा ते जाणून होती. परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर काचेला डोकं टेकून बसायची. एकदा मला म्हणाली, ‘मावशी, यू डोन्ट हॅव टू कम एव्हरी टाइम. देअर इज नथिंग टू सी.’ मी म्हटलं, ‘माझं ड्रायव्हिंग बघ की, तेवढंच मनोरंजन.’ ती हसली. मला मात्र घरी पोचेपर्यंत वाईट वाटत राहिलं.

वसुधाचा नेम मात्र ढळला नाही. घरून निघताना ती ईराच्या तळहातावर चमचाभर दहीसाखर घालायची. मोठ्या कामाला निघणाऱ्याच्या हातावर आपण दही देतो, परीक्षेला, मुलाखतीला. ‘आई, आय ॲम नॉट ईव्हन प्लेइंग,’ ईरा वैतागायची. ‘दार तर उघडणार आहेस ना? मग घे,’ वसुधा म्हणायची. मुलगी तळहात चाटून निघायची. खिडकीतला न फोडता राहिलेला नारळ ते पाहत असायचा. मी येता-जाता तो उचलून कानाशी हलवून बघे. दिवाळीत आत डुचमळणारं पाणी संक्रांतीला कमी झालं होतं आणि होळीच्या सुमारास अजिबात ऐकू येईना. वसुधाला मी ते सांगितलं नाही.

मग रस्त्याकडेचे मळकट ढीग विरघळले, झाडांच्या टोकांना हिरवट धूसरपणा आला आणि शेवटची मॅच उरली. संघ केव्हाच शर्यतीबाहेर पडला होता. मी वसुधाला घ्यायला गेले तेव्हा तिच्या उंबऱ्यावर करवंटीचे तुकडे पडलेले होते. मी काही विचारायच्या आत तीच सांगू लागली. ईरा लवकर निघणार होती. बॅग खांद्याला लावून आली आणि तळहात पुढे करून म्हणाली, ‘आई, आज दही जरा जास्त दे.’ बस, एवढंच. वसुधाला कळायला क्षणभर वेळ लागला. मग तिने दही दिलं आणि ईराच्या देखत नारळ फोडला. आत पाण्याचा टिपूस नव्हता. खोबरं करवंटीपासून सुटून त्याचा अखंड गोटा झाला होता. ‘इज इट बॅड?’ ईराने विचारलं. ‘अगं, हा सुकला, नासला नाही,’ वसुधा म्हणाली आणि तिच्या तोंडात तुकडा घातला. मलाही एक मिळाला. गोड होता.

त्या दिवशी खेळाडूंच्या खोलीकडून येणाऱ्या बोगद्यातून संघाच्या सगळ्यात पुढे ईरा बाहेर आली. जी खेळणार ती गोलरक्षक पुढे, हीही या खेळाची रीत. वसुधा उभी राहिली, मग लाजून बसली. आमच्या मागे कुणीतरी खोकलं. वळून पाहिलं तर बापूकाका, एकटेच, बिनमाइकचे. वसुधाने त्यांना सकाळी फोन केला होता म्हणे.

आणि खेळ सुरू होतो न होतो तोच गोल झाला. चकती ईराच्या दोन पायांमधून निसटली, अगदी साधी, कुणालाही अडवता आली असती अशी. वसुधाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी स्वतःला तटस्थ समजणारी बाई. पण त्या क्षणी मी घाबरले होते, आणि ती भीती वसुधासाठी नव्हती, ईरासाठी होती. इतके रविवार मी त्या मुलीकडे नुसती बघत होते असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. माझा जीव तिच्यात केव्हा गुंतला ते मला कळलंच नव्हतं.

ईराने जाळीतून चकती बाहेर ढकलली, काठीने दोन्ही खांब ठोकले आणि पुन्हा वाकून उभी राहिली. मग मी तिचं ते ओळखीचं दूरचं पाहणं पाहिलं. समोरची अजून लांब असतानाच हिचा हात निघायचा, खिट्टीवर जायचा तसाच. चकत्या येत राहिल्या आणि ती त्या परतवत राहिली, पायांनी, छातीने, एकदा तर आडवी पडून. प्रत्येक वेळी मागून बापूकाका दबक्या आवाजात विचारायचे, ‘अडवलं ना? अडवलं ना हो?’ आणि वसुधा मान हलवायची. उंच, शांत थोरली त्या दिवशी बाकाच्या टोकाला बसली होती. तिच्या हातून दार एकदा उशिरा उघडलं, एकदा उघडंच राहिलं. कामाची सवय नव्हती तिला.

आम्ही एका गोलाने हरलो. तोच तो पहिला गोल. ईराला पुढच्या मोसमाचा फोन अजून आलेला नाही. येईल किंवा येणार नाही, आणि दोन्हींसाठी वसुधाने मन घट्ट केलं आहे. रिंकमधला बर्फ आता वितळवून टाकला असेल. पण त्या दुपारी, भोंगा वाजल्यावर, हरलेल्या मुली एकेक करून बाकाकडे आल्या, तेव्हा दार उघडं धरून थोरली उभी होती. बाकीच्या आत गेल्या तरी ती हलली नाही. ईरा सगळ्यांच्या शेवटी आली, हेल्मेट वर सरकवलेलं, चेहरा घामाने निथळलेला. थोरलीने तिच्या डोक्यावर हलकेच टपली मारली आणि तिला वाट करून दिली. ईरा आत शिरली, आणि मागे वळूनही न पाहता, सवयीने हात मागे नेऊन तिने दार ओढून घेतलं.

खट्ट.

‘बघ, अजून तीच लावते,’ वसुधा म्हणाली. ती रडत होती, आणि मीही. लावलं तिनेच, हे खरं. पण त्या दिवशी ते तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी उघडं धरलं होतं.