पानओव्यासाठी नदीपार

आमच्या थोरल्या जाऊबाई जेवता जेवता ताटावरून उठून अंगणात जायच्या. हात पाण्यात बुडवून वर धरायच्या आणि वारा कुठून येतो ते बघायच्या. वारा उत्तरेचा असला की उरलेली भाकरी झाकून ठेवून थेट मळ्याची वाट धरायच्या. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा मला याचं हसू यायचं. पुढे मीही त्यांच्या मागोमाग जाऊ लागले.

आमचं गाव कळमनुरीच्या बाजूचं, पैनगंगेपासून दोन कोसांवर. विहिरीजवळचा जमिनीचा एक तुकडा जाऊबाईंनी सासऱ्यांकडून मागून घेतला होता. तिथे अडुळसा, मरवा, पुदिना, गवती चहा आणि जाड पानांचा पानओवा होता. दसरा झाला की त्या गुलखैऱ्याचं बी टाकायच्या. ते त्यांनी माहेराहून, जवळा बाजारहून आणलं होतं. रोपं थंडीभर जमिनीलगत दबून राहायची आणि शिमग्याच्या सुमाराला पुरुषभर उंच वाढून फुलांनी भरून जायची. गावात डॉक्टर नव्हता. लेकराला खोकला झाला की बाया आमच्याच दारी यायच्या.

मार्गशीर्ष लागला की त्या निवांत बसल्या असं मी कधी पाहिलं नाही. दिवस कलताना वाफ्यांना विहिरीचं पाणी द्यायचं, रोपं थंडीने करपू नयेत म्हणून तुराट्या रोवून त्यावर पोती टाकायची आणि सकाळी ऊन पडायच्या आत ती काढायची. मी जरा टेकले की म्हणायच्या, "धाकटे, काहून बसून राहिलीस? थंडी बसते का कुठं?" थोरले भाऊजी ओसरीवरून कुरकुरायचे, "पोत्यात धान्य भरत्यात. हिनं झाडाला अंगरखे शिवले." त्या मळ्यात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा हिवाळा. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरू लागल्या होत्या. शेजारचं गाव जळाल्याची बातमी आली आणि पौषात आम्ही दोन गाड्या भरून नदीपलीकडे वऱ्हाडात, उमरखेडकडच्या एका नातेवाइकांकडे गेलो. जाऊबाई गाडीत बसल्याच नाहीत. सगळी वाट मागून चालत आल्या.

त्या परक्या घरात त्यांच्या जिवाला थारा नव्हता. घरभर फेऱ्या मारायच्या, दारात उभ्या राहायच्या, पुन्हा आत यायच्या. माझी पोर तेव्हा दीड वर्षाची. गाडीतल्या गारठ्याने तिला खोकला धरला. तिसऱ्या दिवशी तिची छाती वाजू लागली. जाऊबाईंनी अडुळसा शोधून आणला, पण त्याने उतार पडेना. त्या दारोदार पानओवा विचारत फिरल्या. कुणाकडे नव्हता. चौथ्या दिवशी पहाटे उठून पाहते तो त्यांचं अंथरूण रिकामं.

सगळ्यांनी एकच अर्थ लावला. थंडी वाढली, बाई झाडांकडे पळाली. माझी पोर मांडीवर धापा टाकत होती. घरात पाचपन्नास माणसं होती, त्यांच्यासमोर मी म्हणाले, "त्यांना झाडांची माया आहे, माणसांची नाही." भाऊजी ऐकत होते.

दोन दिवसांनी तालुक्याचा डॉक्टर मिळाला आणि पोर हळूहळू सावरली. जाऊबाई काही आल्या नाहीत. नदीच्या उतारावर पहारा बसल्याचं, अलीकडे कुणाला येऊ देत नसल्याचं कळलं. माघात भाऊजी त्यांना आणायला म्हणून निघाले आणि तेही परतले नाहीत. बऱ्याच दिवसांनी एका गुराख्याकडून निरोप आला, दोघं जिवंत आहेत, गावाशेजारच्या तांड्यावर राहतात. मला हायसं वाटलं, पण मनातली आढी सुटली नाही.

भादव्यात फौज आली, राज्य बदललं आणि आम्ही परतलो. घराचं छप्पर जळालं होतं. मळ्यात भाऊजी खांद्यावर घागर घेऊन वाफ्याला पाणी देत होते. जाऊबाई फार वाळल्या होत्या. त्यांनी पोरीची छाती हाताने चाचपली, मान डोलावली आणि कामाला लागल्या. मी कामापुरतंच बोलत राहिले.

आठ दिवसांनी तांड्यावरच्या सोमलीबाई भेटायला आल्या. त्यांच्याच झोपडीत हे दोघं राहिले होते. पोरीला मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "हिच्यासाठीच बाई दोनदा नदीवर गेल्ती. ओल्या फडक्यात पानं बांधून. पहिल्या खेपेला हाकललं. दुसऱ्या खेपेला पहारेकऱ्यानं बंदुकीचा दस्ता हाणला. खांदा अजूनबी धड वर जात न्हाई."

मी तशीच उठले आणि मळ्यात गेले. त्या एका हाताने वाफा सारखा करत होत्या. दुसरा हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे मला त्या दिवशी दिसलं.

"सांगून का नाही गेलात?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"मी सगळ्यांदेखत तुम्हाला नको ते बोलले."

"ह्यांनी सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "लई लागलं व्हतं. पहारेकऱ्याचं येवढं न्हाई लागलं."

त्या पुन्हा वाफ्याकडे वळल्या. माझी समजूत घातली नाही, की जाऊ दे म्हणाल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसून ढेकळं फोडू लागले. दिवस कलेपर्यंत आम्ही दोघी तशाच काम करत राहिलो. उठताना त्यांनी आपला चांगला हात पुढे केला. मी तो धरला आणि त्यांना उभं केलं.