श्वास मोजणारे कवळीकाका

कवळीकाकांचा राग कायम नाकावर. दातांच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं लोकांच्या कवळ्या घासून घासून बोटं गुळगुळीत झाली, पण स्वभावाची धार काही बोथट झाली नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी जेवता जेवता काचेचा जग उचलून भिंतीवर आपटला. थोरल्या लेकीच्या मांडीवर तेव्हा चार महिन्यांचं बाळ होतं. ती भरल्या ताटावरून उठून निघून गेली, ती पुन्हा म्हणून फिरकली नाही.

आता तिचा फोन आला होता. पहिल्या तारखेपासून नोकरी सुरू, पोराला सांभाळायला कुणी नाही. "रविवारी दोन तास येऊन बघते," एवढंच म्हणाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्याला ती तरी काय करणार? नातू आजोळी राहणार की पाळणाघरात, हे त्या दोन तासांत ठरणार होतं.

काका गेलं वर्षभर ध्यानाच्या वर्गाला जात होते. तिथल्या बाई सांगत, डोळे मिटून बसणं सोपं आहे हो. भांडी घासताना, रांगेत ताटकळताना ते टिकलं पाहिजे. राग आला की बोलायच्या आधी डोळे मिटा, लांब श्वास घ्या, मोजा. काकांनी हे असं काही मनावर घेतलं की विचारू नका. चार भांड्यांना तासभर लावायचे. "अहो, ताटाला भोक पडेल," काकू म्हणायच्या. आणि इतकं करून मन कुठे जागेवर? एका श्वासाला रविवार, दुसऱ्याला रविवार. शनिवारी तर पठ्ठ्या खालच्या जबड्याला वरचे दात लावून बसला.

रविवारी थोरली आली, खुर्चीच्या कडेवर बसली. पोरगं सरळ खिडकीपाशी गेलं. तिथे काकांनी घरी पुरा करायला आणलेला कुणाच्या तरी जबड्याचा प्लास्टरचा साचा ठेवला होता, सोमवारी द्यायचा. व्हायचं तेच झालं. साचा फरशीवर पडला आणि त्याचे चार तुकडे झाले.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वर्षभराची मेहनत कामी आली. त्यांनी डोळे मिटले, नाकाने लांब श्वास ओढला. एक. दोन. तीन. आग हळूहळू उतरली. जमलं की आपल्याला, असं वाटून त्यांनी मोठ्या खुशीत डोळे उघडले.

काकूंनी टेबलावरचे कप उचलून मागे ओट्यावर नेले होते. थोरली पोराला कडेवर घेऊन दाराशी उभी होती, एका पायात चप्पल.

"अगं, रागावलो नाही मी," काका म्हणाले. "राग येऊ नये म्हणून श्वास मोजत होतो. शिकलोय मी."

"तुम्ही आत्ता शिकलात, बाबा. आम्ही लहानपणापासून मोजतोय." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही असेच डोळे मिटायचात, असाच श्वास ओढायचात. तिसऱ्याला काहीतरी फुटायचं. दुसऱ्यालाच मी धाकट्याला घेऊन पलंगाखाली शिरायचे."

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या नाही म्हणतील, असं त्यांना वाटलं होतं. काकू कपांकडे बघत राहिल्या.

लाजेने काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सवयीने डोळे मिटू लागले, ते त्यांनी जबरदस्तीने उघडे ठेवले. "राग आला होता," ते म्हणाले. "खूप आला होता. मग भीती वाटली, तू परत निघून जाशील म्हणून. आत्ताही वाटतेय."

"हे असं बोलत जा," थोरली म्हणाली. "तुम्ही गप्प झालात की आम्हाला काही कळत नाही." मग म्हणाली, "त्याला इथे ठेवायचं की नाही, ते आज नाही सांगता येणार मला."

"नको सांगूस. पण बस थोडा वेळ."

तिने पोराला खाली उतरवलं. त्याचा हात मात्र सोडला नाही.